कालचं पाणी

येसूबाई बसलेली आहे, असं दवाखान्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. जेवायचीसुद्धा उभ्याने. एका हातात ताटली, आणि डोळे वॉर्डातल्या खाटांवर. खाटा नऊ आणि तिच्या फेऱ्या नव्वद. नरहरी कंपाउंडर म्हणायचा, "येसूबाय, तुमच्या पायाला भिंगरी बांधलीय." त्यावर ती म्हणायची, "तुझ्या बुडाला डिंक लागलाय. एकाला तरी फिरायला नको का?"

साल होतं सहासष्ट. तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसरचा रस्ता दिवसभर ट्रकांच्या धुळीत बुडालेला असायचा. स्टेशनापासून थोडं आत हा दवाखाना होता. कौलारू, धर्मादाय ट्रस्टचा, डॉक्टर एकच. आज तिथे काही नाही, त्यामुळे शोधायला जाऊ नये. येसूबाई तिथे आया म्हणून लागली त्याला सात वर्षं झाली होती. मूळची घिवलीच्या वाडीवरची. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, वाडी दिरांकडे गेली. दिरांनी राहायला नको म्हटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या पडवीत बसून दिवस काढणं तिच्या रक्तातच नव्हतं. एका सकाळी ती दोन लुगडी घेऊन चालत बोईसरला आली आणि दवाखान्याची फरशी पुसायला लागली. पगार ठरला तो नंतर.

तिला लिहायला-वाचायला येत नव्हतं. पण बळवंत डॉक्टरांनी तिला एक काम शिकवलं होतं, आणि ते काम ती कुणाला हात लावू देत नसे. साखरेच्या रोग्याची लघवी तपासायची. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळी हलवत हलवत उकळायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट तो विटकरी. रंगाप्रमाणे इन्सुलिनची सुई द्यायची. हिरव्याला पाच युनिट, पिवळ्याला दहा, नारिंगीला पंधरा, विटकरीला वीस. रंग येसूबाई सांगणार, सुई नरहरी देणार आणि केसपेपरवर लिहिणारही तोच. पदवी असलेल्या माणसाचा डोळा चुकेल, पण येसूबाईचा रंग चुकत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. हे ऐकलं की ती पदराने नाक पुसायची आणि उगाचच एखाद्या खाटेची चादर ओढायला निघायची.

कार्तिकात, गवत कापणीच्या दिवसांत, लाडकीला आणलं. उमरोळीच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत पाडा, तिथली एकोणीस वर्षांची पोरगी. गवत कापताना विळा पोटरीत घुसला होता. जखम चिघळली, पाय सुजून कुडाच्या मेढीएवढा जाड झाला, ताप चढला आणि मग तिला धड शुद्धच राहिली नाही. मोठमोठे श्वास घेत होती आणि तोंडाला आंबूस-गोड वास येत होता. गवताच्या व्यापाऱ्याचा मुकादम सोबत आला होता, त्याने दारातच सांगून टाकलं की पोरगी ताडी पिऊन पडली आहे. लाडकीची आई भागी मान खाली घालून उभी राहिली. तिनेही ते खरं मानलं असावं. डॉक्टरांनी लाडकीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मुकादमाकडे वळून म्हणाले, "ही ताडी नव्हे. हिच्या रक्तात साखर माजलीय. तुम्ही बाहेर थांबा."

त्या दिवशी नळीतला रंग विटकरी आला, आणि तोही असा दाट की येसूबाईने नळी पुन्हा पुन्हा उजेडात धरली. कोवळ्या पोरीच्या अंगात एवढी साखर तिने कधी पाहिली नव्हती. मोठ्या पोटाच्या सावकारांना होणारा रोग, तो रानातल्या या काटकीला झालाच कसा, हेच तिला पटेना.

तीन दिवस झुंज चालली. सलाईन, सुया, पायाची जखम कापून धुणं. चौथ्या दिवशी श्वास सरळ झाला, पण पोरगी अजून गुंगीतच होती. हाक मारली की पापणी हलायची, तोंडात पाणी घातलं की ठसकायची. म्हणून डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातली होती आणि तीन-तीन तासांनी त्या नळीतून खाणं चाललं होतं. दूध, आणि भाताची पातळ पेज फडक्यातून गाळलेली. डॉक्टर दहा वेळा बजावत, "येसूबाई, सुई आणि पेज ही बैलजोडी आहे. एक पुढे आणि एक मागे असं करून चालायचं नाही. सुई दिली आणि पोटात काही गेलं नाही, तर सुईच तिला खाईल."

आणि नेमकं इन्सुलिन संपत आलं. पालघरला मिळेना. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः मुंबईला निघाले. मोठ्या दुकानात शब्द टाकलेला होता, बाटल्या संध्याकाळी मिळणार होत्या, म्हणजे परत यायला दुसरी सकाळ. जाताना त्यांनी नरहरीला केसपेपर समजावून सांगितला. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, रंग बघून सुई, यात अक्षराचा बदल नको. मग भागीला बाजूला घेऊन म्हणाले, "आई, हिला गोड म्हणून काही द्यायचं नाही. साखर, गूळ, काही नाही. गोड हे हिचं विष आहे." भागीने दोन्ही हात जोडले. डॉक्टर औषधांच्या कपाटाला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून गाडी पकडायला धावले.

सकाळचा रंग विटकरी होता. वीस दिले. आठ वाजता येसूबाईने स्वतः नळीतून पेज घातली. इथवर सगळं सुरळीत होतं.

दहाच्या सुमारास बांधकामावरचा एक ट्रक वळणावर कलंडला आणि चौघांना दवाखान्यात आणलं. रक्त, आरडाओरडा, "अरे भैया, पानी दो", "माँ, मर गया रे". नर्सबाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. नरहरी पट्ट्या बांधायला बसला आणि येसूबाई पाणी, कापूस, बादल्या घेऊन धावायला लागली. अकरा वाजले तेव्हा तिने गाळलेल्या पेजेचं भांडं भागीच्या हातात दिलं, नळीला लावायची काचेची पिचकारी दाखवली आणि म्हणाली, "भागी, हळूहळू पेज सोड. मी हितंच हाय." दोन वाजता तेच. दोन्ही वेळा नंतर विचारलं, "पेज दिली?" आणि दोन्ही वेळा भागी म्हणाली, "दिली, बाय."

मधल्या बाराच्या वेळेला लाडकीने भांड्यात थोडी लघवी केली होती. रंग पुन्हा विटकरी. नरहरीने हात धुऊन वीस दिले आणि परत पट्ट्यांकडे गेला.

चारच्या सुमारास धावपळ जरा निवली. येसूबाई लाडकीच्या खाटेपाशी आली तर भागी हसत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा. "बाय, बघ. ताप उतरला. पोरीला घाम फुटला." नरहरीही आला, कपाळाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "सुटली बघा. घाम फुटला म्हणजे ताप गेला."

घाम फुटला की ताप उतरतो हे कुणाला माहीत नाही? किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत सगळ्यांच्या आज्यांनी तेच सांगितलेलं. येसूबाईलाही क्षणभर बरं वाटलं. तिने लाडकीच्या मानेखाली हात घातला आणि हात तसाच राहिला.

घाम गार होता. तापाचा घाम उबदार असतो, त्याला अंगाची ऊब असते. हा विहिरीच्या काठावरच्या दगडासारखा गार आणि चिकट. पाठ भिजलेली, चादर भिजलेली, हाताची बोटं आपोआप थरथरत होती. सकाळी हाक मारली की पापणी हलत होती, आता हलेना. जबडा आवळलेला.

"नरहरी," ती म्हणाली, "हा ताप उतरल्याचा घाम नाय. हा सुईचा घाम हाय. डॉक्टर सांगत नव्हते? सुई जादा झाली तर गार घाम येतो म्हणून?"

नरहरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो माणूस वाईट नव्हता. कागदावर चालणारा होता, एवढंच. "तसं असेल तर रंगात दिसेल," तो म्हणाला. "सहापर्यंत थांबायला नको. आताच बघू." त्याने बारीक रबरी नळी उकळून आणली, लघवी काढली. बरीच निघाली, भांडं अर्धं भरलं. येसूबाईने दिवा पेटवला. निळं औषध उकळायला लागलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि नारिंगीवर येऊन थांबलं.

"झालं समाधान?" नरहरीचा श्वास मोकळा झाला. "साखर भरपूर हाय. नारिंगीला पंधरा." आणि त्याने सुई भरायला घेतली.

आता रंग सांगणारी तीच होती. सात वर्षं तिने सांगितलेला रंग कुणी खोटा ठरवला नव्हता, आणि आज तिचाच रंग तिच्या तोंडावर फेकला जात होता. डोळे म्हणत होते साखर आहे, हात म्हणत होता पोरगी चालली. खरं कोणतं? ती खाटेच्या पायथ्याशी गेली, परत आली, दिव्यापाशी गेली, नळी पुन्हा उजेडात धरली. रंग नारिंगीच.

तिची नजर अर्ध्या भरलेल्या भांड्यावर गेली आणि तिला घिवलीची कुंडी आठवली.

समुद्राकाठच्या वाड्यांना एक शाप असतो. विहीर सकाळी गोडी असते आणि रहाट जास्त चालला की दुपारनंतर मचूळ पाणी वर यायला लागतं. येसूबाईचं लग्न झालं त्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्यावर पाणी चाखायचं काम होतं. तिने रहाटाचं पाणी साठतं त्या कुंडीतलं चाखलं. गोडं होतं, म्हणून पाट पानवेलींना सोडून दिला. चार दिवसांत वेलींचे शेंडे जळाले. सासूने तिला शिव्या दिल्या नाहीत, हाताला धरून रहाटाखाली नेलं. "कुंडीत सकाळचं पाणी साठलेलं असतं, पोरी. ते कालची गोष्ट सांगतं. विहिरीत आता काय हाय, ते रहाटाच्या लोट्यातून पडतं त्या धारेला विचारायचं." त्या वर्षीची पानं गेली ती गेलीच. पण अक्कल आली.

"नरहरी, ती सुई खाली ठेव."

"का?"

"ही कुंडी हाय." तिने भांड्याकडे बोट केलं. "ह्यात दुपारपासूनचं पाणी साठलंय. दुपारी साखर होती ती ह्यात हाय. आता हिच्या रक्तात काय हाय ते ह्यात दिसत नाय. लघवीची नळी आत तशीच राहू दे. अर्ध्या तासानं नवीन पाणी उतरंल, ते बघू."

"येसूबाय, डॉक्टर काय म्हणाले? अक्षराचा बदल नको. तुमी आया हाव. मी कंपाउंडर. उद्या काय बरंवाईट झालं तर डॉक्टर मला विचारतील की सुई का दिली नाय."

"आणि दिली म्हणून झालं तर?"

"तर कागद माझ्या बाजूनं हाय."

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. येसूबाईला त्याचा संताप आला. तिने नाकातली नळी हातात घेतली, पिचकारीने थोडं कोमट पाणी आत सोडून बघितलं. पाणी जाईना. दाबलं तरी जाईना.

"भागी," ती हळूच म्हणाली, "पेज गेली ना आत? दोन्ही वेळा?"

भागीने खाली बघितलं. मग हळूहळू बाहेर आलं. तिने भांड्यात बघितलं तर नुसतं पांढरं पाणी. त्यांच्या पाड्यावर त्याला पेज म्हणत नाहीत. ते भाताचं धुवण, ते रेड्याला पाजतात. पेज म्हणजे शितं असलेली, बोटाला लागणारी. पाच दिवस दवाखाना आपल्या पोरीला धुवण पाजतोय आणि गरिबाची पोर म्हणून कुणी बोलत नाही, असं तिला वाटलं. तिने ते पाणी मोरीत ओतलं, मागच्या अंगणात तीन दगड मांडले, गाठोड्यातल्या नागलीच्या पिठाची दाट पेज केली आणि ती नळीत सोडली. "थोडी गेली, बाय. मग गेलीच नाय. मी घाबरले. तू इचारलंस पेज दिली का. मी पेजच दिली."

खोटं एक अक्षर नव्हतं. आणि आठ वाजल्यापासून पोरीच्या पोटात जेमतेम घोटभर पेज गेली होती, इन्सुलिन मात्र दोन सुयांचं मिळून चाळीस युनिट. बैलजोडीतला एक बैल केव्हाच बसला होता आणि दुसरा गाडी ओढत दरीकडे निघाला होता. भांडं भागीच्या हातात कुणी दिलं? येसूबाईनेच दिलं होतं. हा विचार तिच्या छातीत कळेसारखा आला. रडायला वेळ नव्हता म्हणून ती रडली नाही.

तिने पिचकारीत कोमट पाणी भरलं, दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला नागलीचा गोळा सुटला आणि पाणी झरकन आत गेलं. मग ती स्वयंपाकाच्या खोलीत धावली, चहाच्या डब्यातली होती नव्हती ती साखर पेल्यात ओतली आणि पाणी घालून ढवळत परत आली.

"अर्धा तास थांबणार म्हणालात ना तुमी?" नरहरी खाटेपाशी येऊन उभा राहिला. "रंग बघून मग काय ते करा."

"अर्ध्या तासात ही जाईल."

"येसूबाय, साखरेच्या रोग्याला साखर पाजताय. लोक म्हणतील येसूबाईनं पोरीला मारली."

भागीने तर तिचं मनगटच धरलं. गवत कापणारा हात तो, पकड लोखंडाची. "नको, बाय. दाक्तर बोलला गोड ईष हाय. माझ्या पोरीला ईष नको देऊ." ती रडत नव्हती, विनवत होती. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं असं लोक म्हणतात, पण भागीचं काय चुकलं? तिने डॉक्टरांचाच शब्द धरला होता.

येसूबाईला भीती वाटत होती. हात चुकला असेल, डोळे बरोबर असतील, कुंडी आणि पोरगी यांचा काही संबंध नसेल, तर ती आज एका आईच्या देखत तिच्या लेकीला मारणार होती. तिने भागीकडे बघितलं.

"तुझा हात तिच्या पाठीवर लाव," ती म्हणाली. "लाव ना. जिवंत माणसाचं अंग असं गार असतं?"

भागीने पाठीखाली हात घातला. बराच वेळ ठेवला. मग दुसरा हात येसूबाईच्या मनगटावरून काढून घेतला.

साखरेचं पाणी नळीतून खाली गेलं. पेला रिकामा झाला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते येसूबाईला कधी नीट सांगता आलं नाही. ती खाटेभोवती फिरत राहिली. चार पावलं तिकडे, चार पावलं इकडे. ट्रकवाल्यांपैकी एकजण पाणी मागत होता, त्याला पाणी दिलं आणि परत आली. नरहरी भरलेली सुई ताटलीत ठेवून स्टुलावर बसला होता. त्याने सुई टाकली नव्हती. दिलीही नव्हती.

पाचाच्या आधी बोटांची थरथर थांबली. मग मान कोरडी झाली. मग लाडकीने जबडा सैल सोडला आणि कण्हली. भागीने तिचं नाव घेतलं तशी पापणी हलली आणि डोळा किलकिला झाला. येसूबाईने लघवीच्या रबरी नळीच्या बाहेरच्या टोकातून आठ थेंब घेतले आणि दिव्यावर धरले. उकळी फुटली. औषध निळं. आणखी उकळलं. निळंच. आकाश निळं असतं तसं.

नरहरीने काचेची नळी तिच्या हातातून घेतली, दिव्याशी नेली, खिडकीशी नेली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तो मोरीपाशी गेला आणि सुईतलं औषध ओतून टाकलं.

"पंधरा दिले असते तर," तो म्हणाला.

त्या रात्री दोघांनी मिळून लाडकीला सांभाळलं. येसूबाईने पेज स्वतः केली, स्वतः गाळली आणि भागीला समोर बसवून दाखवली. भागीने चव घेऊन बघितली, तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाली. बाराला रंग हिरवा आला, पाच दिले. पहाटे लाडकीने स्वतःच्या तोंडाने दोन चमचे पाणी गिळलं आणि आईला विचारलं, "गवत कोनी उचललां?"

सकाळी बळवंत डॉक्टर आले ते बाटल्यांची पेटी छातीशी धरूनच. लाडकीचे उघडे डोळे बघितले आणि दारातच थांबले. थकलेला माणूस, पण चेहरा उजळला. खाटेवर बसून त्यांनी केसपेपर उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले, त्यांची सवयच होती. "सकाळी विटकरी, वीस. दुपारी विटकरी, वीस. चार वाजता घाम, नारिंगी, पंधरा दिले. पाचला निळा." त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस, नरहरी? सहा तासांचं अंतर हिला जास्त होत होतं. चारला मधली सुई पडली आणि मुलगी शुद्धीवर आली. शाबास. आता दर चार तासांनी पंधरा द्यायचे. आणि आताचे पंधरा लगेच."

पंधरा दिले.

कागदावरचे ते दोन शब्द ऐकून येसूबाईने नरहरीकडे बघितलं. नरहरी जमिनीकडे बघत होता. काल संध्याकाळी तो केसपेपर घेऊन कोपऱ्यात बसला होता, ते तिने पाहिलं होतं. काय लिहितोय ते तिला वाचता येत नव्हतं. आता कळलं. हुकूम मोडला नाही असं त्याने लिहून टाकलं होतं. त्यात त्याची नोकरी वाचत होती आणि खरं म्हणजे तिचीही वाचत होती. साखर पाजल्याचा त्या कागदावर कुठे मागमूस नव्हता. काल काही झालंच नाही असं म्हणायला एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं.

नरहरीने नवी बाटली फोडली. सुई भरायला घेतली. लाडकी त्याच्याकडे टुकूटुकू बघत होती.

"डॉक्टर," येसूबाई म्हणाली, "ते पंधरा दिलेच नाय."

डॉक्टरांनी मान वर केली. मग तिने सगळं सांगितलं. पेजेचं, नळी तुंबल्याचं, गार घामाचं, कुंडीचं, साखरेचं. नरहरीवर तिने काही ढकललं नाही. भांडं भागीच्या हातात मीच दिलं, साखर मीच पाजली, एवढंच म्हणाली. बोलताना ती एका जागी उभी होती, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

डॉक्टर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या मागे माझा हुकूम मोडायचा? तोही एका आयाने? तुमचा अंदाज चुकला असता तर? आणि वर कागदावर खोटं? येसूबाई, मी आत्ताच्या आत्ता तुम्हाला कामावरून काढलं तर?"

"काढा," येसूबाई म्हणाली. "पण आधी कागदावरचे ते पंधरा काढा. मला काढाल तर मी घिवलीला जाईन. ते राहिले तर ही पोर जाईल."

नरहरीने भरलेली सुई ताटलीत ठेवली आणि मागे सरला. डॉक्टर पुन्हा बसले. त्यांनी केसपेपर मांडीवर घेतला, चारच्या ओळीवर पेन ठेवलं आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं. हुकूम त्यांचाच होता. अक्षराचा बदल नको, हेही तेच म्हणाले होते. मग त्यांनी ओळीवर एक आडवी रेघ मारली, खाली हळूहळू काहीतरी लिहिलं आणि सही केली.

"झालं," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

येसूबाई हलली नाही. "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि वाचलं. "पहिली लघवी ओतून द्यावी. अर्ध्या तासाने दुसरी तपासावी. पेज पोटात गेल्याची खात्री केल्याशिवाय सुई देऊ नये. गार घाम आला तर रंग न बघता साखर द्यावी."

"पुन्हा वाचा," येसूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा वाचलं.